चार बोटं वर

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण आईनं त्याच्याकडे बघून कधी चूल पेटवली नाही. तिची वेळ गाडीच्या आवाजावर चालायची. आबा, माझे वडील, सकाळी पोलादपूरला दूध घालून परत निघाले की खालच्या ओढ्यापासून गाडीचा आवाज डोंगराला धरून वर यायचा. ओढ्याच्या चढाला पहिला गिअर पडे, मग दुसरा, मग वडाच्या वळणावर पुन्हा पहिला. 'आलं वडापाशी,' असं स्वतःशीच म्हणत ती तवा ठेवायची, आणि अंगणात इंजिन बंद व्हायला आणि पहिली नाचणीची भाकरी टोपलीत पडायला एकच गाठ पडायची. गोठ्यातल्या म्हशीसुद्धा त्या आवाजाला माना वर करायच्या, कारण डिकीत रिकाम्या किटल्यांबरोबर त्यांच्या पेंडीचं पोतं असायचं. भाकरीबरोबर कुळथाचं पिठलं, कधी सुकटीची चटणी. आबा ताटावर बसले की पहिला घास मोडण्याआधी गाडी आज कशी चढली ते सांगायचे. दुसऱ्या घरांत लेकीसुनांची बातमी सांगतात, तशी आमच्याकडे गाडीची.

कुडपणच्या वाटेवर आमची सात घरांची वाडी. कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला; मागे बायका, म्हातारी माणसं आणि जनावरं. आबाही कित्येक वर्षं मुंबईलाच होते, एका शेठची गाडी चालवायला. शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आबांना देऊन टाकली, आणि तीच चालवत आबा कायमचे वाडीला आले. त्या गाडीनं काय काय वाहिलं त्याला गणती नाही. दूध, पेंड, अवघडलेल्या बाया, लग्नाचं रुखवत, एकदा तर एक आजारी पारडू मागच्या सीटवर बसून पोलादपूरला जाऊन आलं. लोक चिखलाच्या पायांनी चढायचे आणि आबा कुणालाही 'पाय पुसा' म्हणायचे नाहीत. मुंबईहून आलेल्या मूळच्या चटया पहिल्याच पावसाळ्यात कुजल्या. मग आबांनी गोणपाट अंथरलं. ओल्या गोणपाटाला आंबलेल्या ताकासारखा वास यायचा, शिवाय ते गोळा होऊन पायाखाली यायचं आणि आबा गाडी चालवता चालवता टाचेनं ते मागे सारायचे.

मी तेव्हा महाडला कॉलेजात होते. राहायला बिरवाडीला, मामाच्या भाड्याच्या खोलीवर. मामा तिथल्या एका कारखान्यात होता. शनिवारी दुपारच्या एसटीनं मी पोलादपूरला यायची आणि तिथून आबांच्या गाडीत वर. एकदा माझी महाडची एक मैत्रीण डोंगर बघायला म्हणून माझ्याबरोबर आली. ती सगळा रस्ता दोन्ही पाय उचलून धरून बसली होती. वर पोचल्यावर तिनं आधी चपला धुतल्या, मग आईच्या पाया पडली. माझ्या जिवाला ते लागलं. माणूस अठरा-एकोणीस वर्षांचं असलं की कशाची म्हणून लाज वाटत नाही ते सांगावं. मला आबांच्या गाडीच्या जमिनीची लाज वाटली.

आणि त्याच आबांनी मला गाडी शिकवली होती. वाडीच्या वरच्या माळावर, गुरं चरत असायची त्यांच्यातून वाट काढत. पोरीला गाडी कशाला, असं वाडीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या. आबा म्हणायचे, म्हस आवरते तिला, मंग ही काय जड हाय. माझ्या पायाची भीती घालवायला त्यांनी क्लचची गोष्ट करून सांगितली होती. "क्लच दाबायचा म्हंजे गाडीला 'जरा थांब गो बाय' असं सांगायचं. सांगायचं तर पुरतं सांगायचं. अर्धवट सांगितलंस तर गाडी बी चिडते आन् माणूस बी." माळावर मला गिअर उत्तम टाकता यायचे. डोंगर उतरायला मात्र त्यांनी मला कधी दिली नव्हती. दिवाळीनंतर बघू, म्हणाले होते.

तर मी महाडच्या बाजारात गाडीचं सामान विकणाऱ्या रझाकभाईंच्या दुकानात गेले. रझाकभाई पूर्वी आखातात गॅरेजमध्ये होते, आता थकून परत आलेले. त्यांनी फळीवर तीन तऱ्हेच्या चटया मांडल्या. एक पातळ काळी, एक गालिच्यासारखी, आणि एक नक्षीच्या रबराची, पायडलांपाशी गोल कापलेली. मी प्रत्येक चटई पिळून बघितली, नख लावून बघितलं. मला एकच गोष्ट बघायची होती: टिकते किती. आमच्याकडे ही एक पावसाळासुद्धा काढायची नाही, मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते रागावले नाहीत.

"टिकायचं नंतर बघ, बेटी. आधी नीट बसायला पाहिजे. क्लच तळापर्यंत दाबून धर आणि मग माप घे. पायडल वर असताना घेतलेलं माप खोटं."

मला वाटलं, म्हातारा त्याच्या पातळ चटया माझ्या गळ्यात मारायला बघतोय. मी मान हलवली आणि दुकानाची पायरी उतरले.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, लेकीच्या नव्या गाडीला चटया घ्यायच्या म्हणून तिच्याबरोबर अशाच एका दुकानात गेले होते. दुकानदारानं चकचकीत पिशवीतला संच काढला आणि ही सगळ्या गाड्यांना बसते असं सांगितलं. जी सगळ्यांना बसते ती कुणालाच बसत नाही, हे मला आता ठाऊक आहे. मी गाडीत जाऊन गुडघे दुखत असताना वाकले, क्लच हातानं तळापर्यंत दाबून धरला आणि पट्टीनं माप घेतलं. चटईच्या मागच्या बाजूला हात फिरवून ती खाली धरून राहते का ते बघितलं, आकड्यात अडकवून ओढून बघितली, जुनी काढल्याशिवाय तिच्यावर नवी घालू नको म्हणून लेकीला बजावलं. मग तिलाच बसवलं आणि क्लच दहा वेळा दाबायला लावला. दुकानदार कंटाळला. लेक हसून त्याला म्हणाली, आमच्या आईचं हे वेड आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. मी तिला काही सांगितलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

तेव्हा चटईची कल्पना मला आमच्या गोठ्यात सुचली. कारखान्यात माल वाहून नेणारे जाड रबरी पट्टे असतात. ते चिरले की भंगारात जातात, आणि आमच्या भागातले कामगार त्यांचे तुकडे घरी नेतात. करंगळीएवढं जाड रबर, आत कापडाचे पदर. म्हशीच्या पायाखाली असा पट्टा अंथरला की खूर सरकत नाहीत, आणि एकदा अंथरला की माणसाच्या हयातीत पुन्हा बघावं लागत नाही. मामानं आमच्या गोठ्यातही आणून टाकला होता. तो अंथरायची एक रीत होती, ती आबांनीच मला हाताखाली घेऊन शिकवलेली. कडेला कुठे फट ठेवायची नाही. पट्टा भिंतीपाशी चार बोटं वर चढवायचा, म्हणजे मूत खाली झिरपत नाही. फट राहिली की रोग शिरलाच, असं ते म्हणायचे. घट्ट, जाड आणि चार बोटं वर: आमच्या घरात चांगल्या कामाचं माप हेच होतं. मी तेच माप गाडीत नेलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आबा दिवसभर शेजारच्या वाडीत गेले होते. मामानं पट्ट्याचा तुकडा, बोल्ट खोलायचे पाने आणि कारखान्यातली कापायची सुरी आणली. आम्ही दोघांनी पुढची सीट बोल्ट काढून उचलली, पट्टा तिच्या खालून पार पुढपर्यंत नेला आणि सीट त्याच्यावर परत आवळून टाकली. आता तो तसूभर हलणार नव्हता. पुढे पायडलांच्या मागे मी तो चार बोटं वर चढवला. जाड पट्टा काही कोपऱ्यात काटकोनात बसत नाही, त्याचं पोट पुढे येतं. मी उकळतं पाणी ओतून ओतून ते पोट दाबलं. तळहाताला फोड आले. मामा मध्येच म्हणाला, क्लच जातो ना गो पुरा? मी हातानं दाबून बघितला. जिथवर गेला तिथवरच तो जात असणार असं मी धरून चालले. मामाला गाडीतलं कळत नव्हतं आणि मला कळतं अशी माझी समजूत होती. संध्याकाळी मामा सुरी घेऊन बिरवाडीला परत गेला, कारण ती कारखान्याची होती.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग मी आबांचा हात धरून त्यांना आत बसवलं. त्यांनी नव्या चटईवर अनवाणी पाय टेकवले, तळव्यानं रबर चाचपलं, आणि सवयीनं क्लच दाबला. क्षणभर पाय तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांवरच्या फोडांकडे बघितलं.

"झ्याक झालंय," ते म्हणाले. "आपून झिजू, पर ह्ये नाय झिजायचं."

त्यानंतर गाडीचा आवाज बदलला. मी रविवारी सकाळी घरी असले की ऐकायची. ओढ्याच्या चढाला पहिला पडताना आधी 'कर्र' असा आवाज यायचा, जसा कुणी खडा चावतंय. गाडी हल्ली दात खाती, असं आई ताट वाढताना म्हणाली. म्हातारी झाली, आबा म्हणाले, आणि पिठल्यात भाकरी बुडवली. मी समोर बसले होते. मलाही तो आवाज ऐकू आला होता आणि तो कधीपासून सुरू झाला ते मोजायला बोटंसुद्धा लागली नसती. पण चांगल्या कामाला नावं ठेवायला मन तयार होत नाही, त्यात ते आपलं असलं की मुळीच नाही. आबा इंजिनाच्या आवाजावर कान ठेवून, अर्ध्या क्लचवर बरोबर ठोका साधून गिअर टाकत होते. इतक्या वर्षांचा हात होता त्यांचा. त्यांना ते जमत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते आणि भाताची कापणी चालू होती. ऊन डोक्यावर आलेलं. मी बांधावर भारे बांधत होते, आई कापत होती आणि आबा आदल्या दिवशीचे भारे उचलून कडेला नेत होते. त्यांनी एका भाऱ्याखाली हात घातला आणि झटक्यानं मागे घेतला. ओरडले नाहीत. भारा बाजूला पडला आणि त्याच्याखालून घोणस निघाली, जाड, सुस्त, अंगावर साखळी काढल्यासारखे ठिपके. आबांच्या मनगटावर दोन टिंबं होती. आईनं पदराची पट्टी फाडून वर बांधली; तेव्हा सगळे तेच करायचे. वरच्या घरातली म्हातारी धावत आली आणि भगताला बोलवा म्हणाली. "भगत चालत येल, इख धावत जातंय," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "नंदे, गाडी काढ."

वाडीत दुसरं कुणी चालवणारं नव्हतं. डोलीला खांदा द्यायला चार बाप्ये नव्हते. मी गाडीत बसले. मागे आईनं आबांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या कमरेचा करगोटा ओला झालेला मला आरशात दिसला, इतका घाम होता. मी इंजिन चालू केलं, क्लच दाबला आणि पहिला टाकायला गेले. कर्र. दांडा हाताला झिणझिण्या आणून परत आला. पुन्हा दाबला, दोन्ही पाय लावून दाबला. कर्र. म्हशींनी गोठ्यातून माना वर केल्या.

"क्लच पुरता दाब," मागून आबा म्हणाले.

"दाबलाय आबा. ह्याच्यापुढं जात नाय."

आबा म्हणाले, "नाय जायाचा. तुझी चटई..." आणि तिथेच थांबले. "ऱ्हाऊ दे. इंजिन बंद कर. बंद गाडीत दुसरा टाक, मंग चावी मार. उतार हाय, जाईल. गिअरला हात लावू नको, निसता ब्रेक."

त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं तरी मला ते पुरतं कळलं. त्यांना ठाऊक होतं. दसऱ्याच्या सकाळपासून ठाऊक होतं. पण तेव्हा रडायला वेळ नव्हता. बंद गाडीत दुसरा गिअर लोण्यासारखा पडला. चावी मारली, गाडीनं हिसका दिला आणि आम्ही उताराला लागलो.

तो उतार मी कसा उतरले ते मला धड आठवत नाही. आठवतात ते आवाज. दुसऱ्या गिअरमध्ये घुमणारं इंजिन, प्रत्येक वळणाला ब्रेकची किंचाळी, डिकीत आपटणाऱ्या रिकाम्या किटल्या. मागून आबांची उलटी, आणि आईचं एका सुरातलं, डोळं उघडं ठेवा, डोळं उघडं ठेवा. वडाचं वळण गेलं. एकदा आबा म्हणाले, डावीकडं दगड हाय, सांभाळ. डोळे मिटलेले असतानाही त्यांना रस्ता दिसत होता. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय असं आईनं सांगितलं तेव्हा मी मागे बघितलं नाही. आपण पोचणार, असं मला त्या अर्ध्या वाटेत खरंच वाटायला लागलं होतं.

खाली ओढा होता आणि ओढ्यापलीकडे चढ. रोज जिथे पहिला पडायचा आवाज आई ऐकायची तोच ओढा, फक्त चढ पलीकडचा. मी वेग घेऊन पाण्यातून गाडी घातली, पण दुसऱ्या गिअरला तो चढ पेलला नाही. गाडी अर्ध्यावर थरथरली, बंद पडली आणि मागे सरकत पुन्हा पाण्यात आली. आईनं उतरून चाकामागे दगड लावला. मी बंद गाडीत पहिला टाकून चावी मारली. गाडीनं बेडकासारख्या दोन उड्या मारल्या, आणि बॅटरी कण्हायला लागली. आणखी दोनदा मारली असती तर ती कायमची बसली असती आणि आम्ही तिथेच राहिलो असतो. आता इंजिन चालू ठेवून पहिला टाकायला हवा होता, म्हणजे क्लच पुरता दाबायला हवा होता. मधे माझी चटई होती.

मी खाली वाकून ती ओढली. सीटखाली आवळलेली, ती कशाला येते. पाने घरी होते. मी त्या रबराच्या पोटावर टाचा मारल्या, गुडघे मारले, दातओठ खाऊन नखांनी ओढलं. किती चांगलं काम केलं होतं मी. कुठे फट नव्हती. ओढ्यावर चिटपाखरू नव्हतं आणि पाणी खळखळत चाललं होतं, दर दिवाळीला वाहतं तसं. मी देवाला हाका मारल्या, मग शिव्या दिल्या, देवाला की स्वतःला ते आता आठवत नाही.

"सीटखाली," आबा मागून म्हणाले. "सीटखाली बघ गो."

आई मागच्या सीटखाली हात घालून चाचपू लागली. एक फडकं निघालं, किटलीचं झाकण निघालं. आणखी काय हाय, काय बघू, ती विचारत राहिली. आबांनी हात उचलायचा प्रयत्न केला. सूज खांद्यापर्यंत गेली होती. त्यांना पुन्हा उलटी झाली आणि मग ते काही बोलले नाहीत. पाणी मागत असतील असं आम्हाला वाटलं. आईनं ओढ्यातलं पाणी ओंजळीनं त्यांच्या ओठांना लावलं.

कापणीचा विळा आईच्या कमरेला खोचलेलाच होता. मी तो घेऊन पट्ट्याच्या वर चढलेल्या कडेवर चालवायला लागले. भात कापायचा विळा तो. रबरात शिरायचा आणि कापडाच्या पदरावर अडायचा. एक पदर, मग दुसरा. माझ्या बोटांना लागत होतं, ते मला नंतर कळलं. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. ओढ्यात उतरलेलं ऊन पलीकडच्या खडकावर गेलं, इतका गेला. शेवटी तीन बोटांची एक चीर पडली, वरून खाली, बरोबर क्लचच्या मागे. कड तुटून निघाली नाही, नुसती चिरली. आई पुढे आली. तिनं डिकीतलं म्हशीचं दावं त्या चिरेतून ओवलं, माझ्या पायांशी उकिडवी बसली आणि सगळं अंग मागे टाकून ती कड बाजूला ओढून धरली. मी क्लच दाबला. आणखी एक अंगुळ आत गेला. पहिला गिअर कर्र करून का होईना, पडला.

आम्ही चढ चढलो. आई माझ्या पायांशी दावं धरून बसलेली, आणि मागच्या सीटवर आबा एकटे, डोकं धरायला कुणी नाही. माझ्या चटईला धरायला आईला त्यांना सोडावं लागलं. बाकी सगळ्याबद्दल मी स्वतःची काही ना काही समजूत घातली आहे, ह्या एका गोष्टीबद्दल नाही.

पोलादपूरला पहिली सुई मिळाली आणि तिथून आम्हाला महाडला पाठवलं. आईच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. नर्सनं आधी तिचेच हात धरले, तिला वाटलं पेशंट हीच. आबा तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध आली तेव्हा मी उशाशी होते. मला खूप बोलायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून सावकाश म्हटलं, उतार चांगला काढलास. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली आणि संध्याकाळी सगळंच. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? ते थकलेले होते. ह्या विषाचं कुणालाच सांगता येत नाही, म्हणाले. मला ते 'हो' किंवा 'नाही' म्हणाले असते तरी चाललं असतं.

मला कुणी बोल लावला नाही. मामा तेराव्याला येऊन माझ्यासमोर बसला आणि जेवला नाही. आई गोठ्यात जायची, धारा काढायची, दूध शेजारणीच्या डोक्यावरून खाली पाठवायची. भाकऱ्या ती आता कधीही करायची. वेळ कळवणारं कुणी नव्हतं. पोलादपूरच्या एका ड्रायव्हरनं वर आणून सोडलेली गाडी अंगणात फणसाखाली उभी राहिली, कोंबड्या तिच्याखाली बसायच्या. दसऱ्याची माळ वाळून आरशाला तशीच लटकत होती. मी कॉलेज सोडलं नाही, पण शनिवारी वर येताना मिळेल त्या वाहनानं खालच्या ओढ्यापर्यंत यायची आणि तिथे उतरून चढ चालत चढायची.

थंडी सरत आली तेव्हा बिरवाडीचा एक जण गाडी बघायला येणार असा निरोप आला. आई म्हणाली, धुऊन ठेव. मी बादली, फडकी आणि मामाचे पाने घेऊन बसले. आधी चटई काढायची म्हणून पुढच्या सीटचे बोल्ट सैल केले आणि सीट उचलली. सीटच्या तळाला, स्प्रिंगांच्या मधे, वर्तमानपत्राची एक लांबट पुरचुंडी खोचलेली होती. उघडली. आत करवतीचं नवं पातं होतं, लोखंड कापायचं, बारीक दातांचं. एका टोकाला धरायला सुतळी गुंडाळून मूठ केलेली. ती सुतळी आबांच्या हातची होती; असा घट्ट पीळ तेच द्यायचे.

मी ते घेऊन चुलीपाशी गेले. आई नुकतीच पीठ मळायला बसली होती. तिनं पातं बघितलं आणि पिठाचे हात तसेच परातीत ठेवले.

"दिवाळीच्या बाजारातून पातं आणलंय येवडंच बोल्ले व्हते तुजे आबा मना," ती म्हणाली. "कुठं ठेवलं त्ये नाय. म्हणाले, पोर सुट्टी संपवून म्हाडला गेली का वरची कड मारून टाकतो. फोड येवस्तोवर केलंय तिनं, तिच्यासमोर नको. तिला कळणार बी नाय."

मग ती म्हणाली, मी माज्या सीटखालचं म्हणून मागंच शोधत बसली गो. आणि पीठ मळायला लागली, कारण दुसरं काय करणार.

मी परत गाडीत गेले. आबा, तुम्हीच मला सांगितलं होतं, सांगायचं तर पुरतं सांगायचं. माझ्या तोंडावर सांगितलं असतंत तर मी दोन दिवस रुसले असते. फार तर चार. एवढंच झालं असतं.

पट्टा अजून जागेवरच होता. मी त्याच्यासमोर मांडी घालून बसले, क्लच डाव्या हातानं जाईल तिथवर दाबून धरला, खडूनं रेघ मारली आणि सुतळीची मूठ धरून पातं चालवायला लागले. रबर, मग कापड, मग रबर. पातं कुठे अडलं नाही. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. पहिली तव्यावर पडली, उलटली गेली, आणि ती टोपलीत पडायच्या आत चार बोटांची ती कड सबंध निघून माझ्या मांडीवर आली.

मी सीट जागेवर ठेवली, तिच्यावर बसले आणि पाय लावला. क्लच तळापर्यंत गेला. कसलाही आवाज झाला नाही.